बाप्तिस्म्याच्या हौदातली रूट बियर

मी भित्रा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभर विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची नोकरी केली, त्यामुळे कुठल्या वस्तूने माणूस कसा मरतो हे मला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक आहे, एवढंच. ओली फरशी, सैल शिडी, पाव भाजायचं यंत्र, शेजाऱ्याची बकरी, सगळ्यांचे प्रताप मी नीट वाचून, शिक्का मारून बाजूला ठेवलेले आहेत. माझी बायको मर्टिस ह्याला घाबरटपणा म्हणते. तिच्या माहेरची माणसं वादळात छपरावर चढतात आणि ते मोठ्या अभिमानाने सांगतात, त्यामुळे तिच्या मताला मी फारशी किंमत देत नाही.

तर असा हा मी, आणि भरसभेत बोलून बसलो की रूट बियर, म्हणजे मुळं उकळून करायचं ते फेसाळ गोड पेय, मी घरी करीन.

सभा चर्चच्या तळघरात होती. आमच्या चर्चला वर्षभर पाळक नव्हता. जुने पाळक निवृत्त होऊन फ्लोरिडात मासे धरायला निघून गेले आणि तेव्हापासून आम्ही डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे लोक, आळीपाळीने उपदेश वाचून दाखवत होतो. माझी पाळी आली की हजेरी निम्मी व्हायची. वरच्या मंडळींनी बजावलं होतं की हिवाळ्याच्या आत पाळक मिळाला नाही तर दाराला कुलूप लावा आणि डोंगरापलीकडच्या चर्चमध्ये जाऊन बसा. पलीकडे गाताना टाळ्या वाजवतात. आमच्या मंडळीला हे मरणापेक्षा जड होतं. ह्याआधी जे कोणी पाळक आम्हाला बघायला आले, ते उपदेश करून, जेवून, आभार मानून गेले ते गेलेच. एकाने तर गोडाचा अर्धा तुकडा ताटात सोडला होता. आता ऑगस्टमध्ये कॉर्विन मेबरी नावाचे गृहस्थ यायचे होते, आणि हे शेवटचे. ह्यांच्यानंतर यादीत कोणी उरलंच नव्हतं.

उपासनेनंतर हिरवळीवर जेवण द्यायचं ठरलं. तळलेलं चिकन, बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं आणि शेवटी हाताने फिरवलेल्या आइस्क्रीमवर ओतलेली रूट बियर. इथे आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्क युला ट्रॉटर बाई काठी आपटून म्हणाल्या की दुकानातली बाटली म्हणजे साबणाचं पाणी. पूर्वी ही मंडळी स्वतःची रूट बियर करायची, अख्ख्या खोऱ्यातून माणसं प्यायला यायची, खाणीतले कामगार अंघोळ करून यायचे. आता ते कसब कोणाच्या हातात उरलंय? सगळे खाली बघायला लागले. शांतता मला सोसत नाही, हा माझा एक दोष आहे. मी म्हणालो, "माझी आजी करायची. मी करतो की." मर्टिसने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच खुर्चीचे पाय तपासायला लागलो.

आजी करायची हे खरं. पण मी तेव्हा स्वयंपाकघराच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर उभा असायचो. आठवत होतं ते असं: ससाफ्रासची मुळं, बर्चची साल, सार्सापरिला, थोडा ज्येष्ठमध, विंटरग्रीनची पानं, सगळं उकळून गाळायचं, त्यात काकवी, साखर आणि व्हॅनिला, आणि कोमट झाल्यावर पावाचं यीस्ट. मग बाटल्या भरून बुचं ठोकायची. यीस्ट साखर खातं आणि बाटलीत वायू करतं, त्याने फेस येतो. ऐकायला किती सोपं वाटतं.

कुदळ घेऊन मी कुंपणालगतच्या ससाफ्रासच्या झाडाची मुळं खणायला बसलो आणि कुंपणापलीकडे ऑर्लो बीमन उगवला. ऑर्लो आमच्या गावच्या अग्निशमन दलाचा निवृत्त नायक. त्याच्या प्रत्येक सल्ल्यात एक माणूस मेलेला असतो, आणि तो नेहमी पलीकडच्या खोऱ्यातला असतो. त्याची बायको डेल्फा आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवते. हा दर रविवारी तिला दारात सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत गाडीत बसून वर्तमानपत्र वाचायचा. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. बाप्तिस्मा घेतलेला नाही, आणि का नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्याने मुळं पाहिली आणि विचारलं, "मंडळीतल्या कोणी तुझं काही वाकडं केलंय का रे?" मग सांगितलं की ससाफ्रासच्या तेलाने उंदरांची यकृतं सडली, म्हणून सरकारने ते पेयात घालायला बंदी केली, आता दुकानातल्या रूट बियरमध्ये नुसता नकली वास असतो. पलीकडच्या खोऱ्यात एक माणूस रोज ससाफ्रासचा चहा प्यायचा. पुढे? "पुढे काय, गेला." किती वर्षांचा होता, असं मी विचारलं. नव्वदीला टेकला होता म्हणे. पण तोवर माझं स्वतःचं यकृत कुठे असतं ते मी चाचपून पाहायला लागलो होतो.

मी कायद्याने चालणारा माणूस. सरकारी कचेरीत फोन केला. बाईंनी विचारलं, खाद्य, पेय की औषध? मी म्हटलं पेय. त्यांनी शेतकी खात्याला जोडून दिला, कारण मुळं जमिनीतली. शेतकी खात्याने आरोग्य खात्याकडे ढकललं, कारण पोटात जाणार. आरोग्य खात्यातल्या माणसाने यीस्ट हा शब्द ऐकला आणि मला दारूच्या परवान्यांच्या खात्याकडे पाठवलं. तिथल्या गृहस्थांचा आवाज फार शांत होता. ते म्हणाले, नाव आणि पत्ता सांगा. आणि मी सांगितला. आख्ख्या हयातीत लोकांना बजावत आलो की विचारल्याशिवाय जास्तीची माहिती देऊ नका, आणि स्वतः रस्त्याच्या नावापासून घराच्या रंगापर्यंत सगळं ओकून मोकळा झालो. त्या दिवसापासून आमच्या रस्त्याने करड्या रंगाची गाडी गेली की मी पडदा ओढून घ्यायचो. मुळं रातोरात नव्हे, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत परत पुरली आणि ससाफ्रासच्या जागी दुकानातला निर्धोक अर्क आणला.

विंटरग्रीन मात्र ताजं घातलं. घरभर गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास सुटला. टपालवाल्याने दारातूनच विचारलं की पाय कोणाचा मुरगळला.

यीस्टमुळे चिमूटभर मद्यार्क होतो, ही बातमीही ऑर्लोनेच आणली. आमची मंडळी दारूला शिवत नाही. प्रभुभोजनालासुद्धा आमच्यात द्राक्षाचा साधा रस असतो. मी घाबरून ट्रॉटर बाईंकडे गेलो. त्यांनी मला बसवलं आणि त्यांच्या आईची हकिगत सांगितली. आई दारूबंदीवाल्या बायकांच्या संघात होती. रूट बियरच्या नावातच बियर, म्हणून त्या बायकांनी वर्षानुवर्षं ती घरात येऊ दिली नाही. वास्तविक ज्या औषधवाल्याने ती बाजारात आणली तो म्हणे तिला चहाच म्हणणार होता, पण खाणीतले लोक चहाला हात लावणार नाहीत असं त्याला कोणीतरी पटवलं. शेवटी एका रसायनवाल्याने मोजून दाखवलं की एवढा मद्यार्क तर पावातही असतो. "मग तुमच्या आईने काय केलं?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "महिनाभर पाव सोडला."

पहिली खेप मी आमच्या कोठीत ठेवली. दिवस कडक उन्हाचे. मर्टिस स्वयंपाकघरात शेंगा मोडत होती आणि कोठीत बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मी टेबलाखाली होतो. कधी गेलो ते आठवत नाही. मर्टिसने दार उघडून पाहिलं. काचा पिठाच्या डब्यात, चिकट पाणी छतावर. ती अजिबात ओरडली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. म्हणाली, "एल्वुड, ह्या घरात आता एक तर त्या बाटल्या राहतील, नाही तर मी." मी जाड कोट चढवला, तोंडावर बेसबॉलचा जाळीचा मुखवटा बांधला आणि एकेक बाटली मागच्या शेतात नेऊन लांब काठीने फोडली. ऑर्लो कुंपणावरून बघत होता. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका माणसाचा डोळा गेल्याचं त्याने सांगितलं, पण तेव्हा माझी मनःस्थिती ऐकण्याची नव्हती.

दुसरी खेप शनिवारी सकाळी चर्चच्या स्वयंपाकघरात केली. रूढ पद्धत अशी की भरलेल्या बाटल्या आधी उबेत मुरू द्यायच्या आणि मग गार करायच्या. पण बुचं ठोकून झाली आणि मला कोठीतलं छत दिसायला लागलं. गारठ्यात यीस्ट झोपतं, म्हणून गार हवं, आत्ताच्या आत्ता हवं. फ्रीजमध्ये डेल्फाची सॅलडं खच्चून भरलेली. आणि मग मला हौद आठवला.

आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब नव्हेत. अख्खा माणूस पाण्यात बुडवून काढायचा. त्यासाठी व्यासपीठाच्या फळ्यांखाली सिमेंटचा हौद आहे, उतरायला पायऱ्या आहेत, आणि पाणी येतं डोंगरातल्या झऱ्याचं, दातांना कळ लागेल असं. कित्येक वर्षांत कोणी बाप्तिस्मा मागितलेला नव्हता. हौदाची देखभाल डीकन म्हणून माझ्याकडे. मी फळ्या उचलल्या, बाटल्यांचे क्रेट तळाशी उतरवले आणि नळी सोडली. पाणी चढत गेलं तसं माझं काळीज खाली आलं.

तेवढ्यात दारात ऑर्लो. डेल्फाची सुरांची पुस्तकं घेऊन आला होता. तिथून त्याला पाणी दिसत होतं, बाटल्या दिसत नव्हत्या. म्हणाला, "हौद कशाला भरतोयस?" आता ह्याला खरं सांगितलं असतं तर ह्याने हौद फुटून चर्चसकट वाहून गेलेला एक तरी माणूस काढलाच असता. मी थाप मारली. म्हटलं, "उद्या कोणी बाप्तिस्मा मागितलाच, तर पाणी असलेलं बरं."

ऑर्लो पाण्याकडे बघत राहिला. मग पुस्तकं पियानोवर ठेवली आणि एकही माणूस न मारता निघून गेला. ह्या अख्ख्या प्रकरणात मी सर्वांत जास्त दचकलो असेन तर तेव्हा.

रविवारी मेबरी आले. आडव्या बांध्याचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. हात मिळवताना माझ्यापलीकडे छताच्या ओल्या डागाकडे बघत होते. मी मनात म्हटलं, गेला हाही. ऑर्लो चक्क टाय लावून आत आला आणि मागच्या बाकावर बसला. डेल्फाने पहिल्याच गाण्यात तीन सूर चुकवले.

उपदेशाचा विषय होता, माणसाने भीती कशी सोडावी. चांगला असावा. मला एक अक्षर कळलं नाही, कारण मेबरींना मुद्द्यागणिक पाय आपटायची सवय होती, आणि त्यांच्या पायाखाली फळ्या होत्या, आणि फळ्यांखाली माझ्या बाटल्या. ते भीती म्हणायचे, धप्प. विश्वास म्हणायचे, धप्प. मी बाकाची कड धरून बसलो होतो. मर्टिस कानात म्हणाली की पोटात दुखत असेल तर बाहेर जा.

उपदेशानंतर आमच्यात शेवटचं गीत असतं. ज्याला बाप्तिस्म्यासाठी पुढे यायचं असेल त्याने त्या वेळी यायचं. कोणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून बायका तेव्हाच पर्स आवरतात. आणि ऑर्लो उठला. मधल्या वाटेने सरळ पुढे गेला. पियानो थांबला.

"मला बाप्तिस्मा हवाय," तो म्हणाला. "आजच हवा. उद्यापर्यंत माझा धीर टिकायचा नाही. पाणी भरलेलं आहे, एल्वुडने भरून ठेवलंय."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. ट्रॉटर बाई रडत होत्या. मेबरींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा जीव आला. मला म्हणाले, "कोणी मागेल ह्या आशेवर तुम्ही हौद भरून ठेवता? मी बरीच चर्चं पाहिली, ब्रदर हॅकेट. हे कुठे पाहिलं नाही." मी मान हलवली. हाच माणूस आता राहणार होता, मला ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी तोंड उघडलं तर राहणार नव्हता. आणि नाही उघडलं तर दोन माणसं अनवाणी पायांनी माझ्या बाटल्यांवर उतरणार होती.

ते दोघं पांढरे झगे घालायला आत गेले. फळ्या उचलायचं काम माझंच. एकेक फळी काढताना माझ्या मनात दावा तयार होत होता: मृत दोन, कारण शीतपेय, भरपाई नामंजूर. वरून पाणी काळं दिसत होतं. मेबरी आले आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांबा," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "खाली बाटल्या आहेत. रूट बियरच्या. फुटतात त्या. गार करायला ठेवल्या होत्या."

मेबरींचा पाय पायरीवरच होता. ऑर्लो पुढे झाला आणि त्याने वाकून पाण्यात बघितलं.

"म्हणजे पाणी ह्यांच्यासाठी होतं," तो म्हणाला.

मला रागावला असता तरी चाललं असतं. पण तो नुसता झग्याची बाही चाचपत होता, दाराकडे बघत होता, आणि पियानोवर डेल्फाचं तोंड मला बघवेना. मी बूट काढले आणि रविवारच्या सुटात हौदात उतरलो. पाणी कमरेपर्यंत, थंडीने श्वास अडकला. मी खाली हात घालून पहिली बाटली उचलली आणि डोळे मिटून वर धरली. कोणी घेईना.

"दे इकडे," मर्टिस म्हणाली. तिने घेतली, मागच्याला दिली. मग रांग लागली. आमची सगळी मंडळी, नातवंडांचे आजोबा, रविवारच्या टोप्यांतल्या बायका, हात लांब करून आणि तोंड फिरवून एकेक बाटली झोपलेल्या तान्ह्या पोरासारखी दाराबाहेर नेत होती. कोणी खोकलं तरी सगळे जागच्या जागी थिजायचे. शेवटची बाटली गेली तेव्हा माझे दात वाजत होते. मी वर यायला पायरी धरली.

"तू थांब तिथेच," ऑर्लो म्हणाला. त्याचा चेहरा झग्याइतका पांढरा पडला होता. "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. आगीच्या नळीमागे उभं राहिलं की पाणी आपल्यापासून लांब जातं, म्हणून मी बंबावर गेलो. कोणासाठी का भरलेलं असेना, आता भरलंय. पण एल्वुड, तू बाहेर येऊ नकोस."

मी थांबलो. एका बाजूने मेबरींनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी. त्याची बोटं माझ्या दंडात रुतली होती आणि मीही त्याला तेवढ्याच जोरात धरलं होतं, कारण मला तरी कुठे पोहता येतं. आम्ही त्याला मागे लववलं, पाणी त्याच्या तोंडावरून गेलं, आणि वर काढलं. तो खोकला, ठसकला, आणि डेल्फा पियानो सोडून धावत आली ती झग्यासकट त्याच्या गळ्यातच पडली.

हिरवळीवर सगळ्यांनी बाटल्यांपासून लांब अर्धगोल केला. उघडायची कोणी, ह्यावर दुमत नव्हतं. मी जाळीचा मुखवटा मागितला, मर्टिसने दिला नाही. मी मान वळवून बुच काढलं. काही झालं नाही. बारीक फुस्ससुद्धा नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. माझ्या घाईने यीस्टला उठायलाच मिळालं नव्हतं. महिनाभर ज्याच्या धास्तीने मी झोपलो नाही ते नुसतं गोड, तपकिरी, मलमाच्या वासाचं पाणी निघालं. तरी सगळ्यांनी आइस्क्रीमवर ओतून घेतलं आणि एकमेकांकडे न बघता संपवलं. ट्रॉटर बाई म्हणाल्या की पाव ह्यापेक्षा जास्त चढतो. ऑर्लोने दुसरा पेला मागितला आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या कोणाचंही नाव काढलं नाही.

मी घोंगडी पांघरून एका कडेला बसलो होतो. मेबरी पेला घेऊन शेजारी येऊन बसले. केस अजून ओले होते. मी त्यांच्या निघायची वाट बघत होतो. पेल्याच्या तळाशी उरलेलं त्यांनी मोठ्या निर्धाराने पिऊन टाकलं.

"पाळकांच्या घराला तळघर आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की. मोठं आहे. कोरडं आहे."

"मग त्याची किल्ली माझ्याकडे राहील," ते म्हणाले. "दुसरी करून घ्यायची नाही."